चार्ज देताना

बसा, शेलार. ही वही. ही चावी.
ही बॅटरी, तिचं बटण दोनदा दाबावं लागतं.
जुन्या पुलाच्या खांबावर आकडे आहेत,
पिवळ्यावर काळे. उन्हाळ्यात रंग द्यायचा.
बिल मंजूर होत नाही. तरी द्यायचा.

तुम्ही वाईकडचे. तिकडची कृष्णा म्हणे डोंगरातून धावत येते.
आमची धावत नाही.
नांदेडात ती बसते, बाजारकरणीसारखी, पाय पसरून,
उठेल असं वाटतच नाही.
आणि उठली की कुणाचंच ऐकत नाही.
गोदावरी हे नाव कागदावर.
इथं सगळे गंगाच म्हणतात,
पाणी बाटलीत भरून नेणारेही
आणि पुलावरून निर्माल्याची पिशवी गाठीसकट फेकणारेही.

शहर कसं आहे, विचारलंत.
मी ते पुलावरूनच पाहिलंय,
अठ्ठावीस वर्षं, तासातासानं.
अंधार असतानाच गुरुद्वाऱ्याची गागर भरायला माणूस येतो.
मग इतवाऱ्याकडून अजान. मग कुणाच्या तरी टेपवर भूपाळी,
कॅसेट जिथं अडकते तिथं रोज अडकणारी.
मग अर्धापूरच्या केळीचे ट्रक.
यावर मी घड्याळ लावत आलो.
गिरणीचा भोंगा होता तेव्हा त्यावरही.
गिरणी गेली; घाटावरचे दोन म्हातारे
अजून सातला मान वर करतात.

पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात.
दहाचं नाणं चिकटत नाही,
म्हणून दहाचं टाकणाऱ्या भाविकांना
खालून शिव्या बसतात. लक्ष देऊ नका.
मे महिन्यात वाळूवर खरबुजं लागतात,
एक तुमच्याकडं आपोआप येईल. पैसे विचारा,
घेणार नाहीत. तरी विचारा.

आता हे पान बघा. रात्री दोन.
शाई पसरलीय, ते पावसानं.
वरून पाणी सोडल्याचा फोन आला होता,
बॅटरी मेलेली, खांब दिसेना.
मी खालच्या गल्लीत उतरलो.
मुनीराबीच्या घराला नदीकडून नऊ पायऱ्या.
ती कंदील घेऊन वरच्या पायरीवर,
मांडीवर कोंबडी.
"छठी गई भाई. सातवीं को चाटरा पानी."
सहाव्या पायरीचे मीटर मी बोटांवर काढले
आणि वर कळवले.
सकाळी साहेब म्हणाले, अंधारात इतकं अचूक कसं?
मी म्हटलं, सवय.
तिचं नाव सांगितलं नाही. वहीत
नावाचा रकानाच नाही.

पुढं घाट सुंदर करायचा ठरलं. गल्ली उठली.
तिला बायपासपलीकडं खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर.
पायऱ्या भरपूर. सगळ्या कोरड्या.

तरी पाणी वाढलं की तिचा फोन येतो.
"कितवीं सीढ़ी, भाई?"
मी वाकून बघतो.
खाली लाल फरशी, बाकडी,
सेल्फी काढायला उभारलेली मोठाली अक्षरं.
मी हिशेब उलटा करतो,
मीटरातून पायरी काढतो. चौथी, म्हणतो.
"अच्छा," म्हणते, "फिर सोती मैं."

नंबर शेवटच्या पानावर आहे, पेन्सिलीनं.
उत्तर द्यायलाच पाहिजे असं कुठल्या नियमात नाही.
पण मीटर सांगू नका, तिला ते कळत नाहीत.
पहिली पायरी तीनशे बावन्नला धरा,
पुढं दरेकीला वीस सेंटीमीटर.
तिसरी कपडे आपटून झिजली होती.
तिला सतराच.